बिनचूक लेस

माझ्याकडे बायका लेस घेऊन येतात. कुणाकडे आजेसासूच्या पोलक्याची बाही असते, कुणाकडे जुन्या बाजारातून घेतलेला टेबलक्लॉथ. चहा पितात, इकडचं तिकडचं बोलतात आणि मग पिशवीतून पुडकं काढून विचारतात, "आजी, ही हातची आहे का मशीनची?" मी चष्मा पुसते, सुई घेते आणि बहुतेक वेळा त्यांची निराशा करते. त्यात मला थोडी मजा येते, हे कबूल करायला हरकत नाही. हातची म्हणून चारचौघींत मिरवलेली लेस मशीनची निघाली की बाईचं तोंड पार उतरतं.

ओळखायला फार अक्कल लागत नाही. सुईच्या टोकानं एक दोरा धरायचा आणि त्याच्या मागे मागे जायचं. हातच्या लेसमध्ये तो कुठून निघाला, कुणावरून गेला, कुठं पीळ खाल्ला हे शेवटपर्यंत दिसतं. मशीनच्या लेसमध्ये तो मध्येच दुसऱ्या दोऱ्यांत गडप होतो आणि कडेला कापलेल्या टोकांची लव राहते. पण सगळ्यांत खात्रीची खूण म्हणजे चूक. मशीनची चूक दर वितीवर, त्याच जागी, तशीच पुन्हा येते. माणसाच्या हातची चूक एकदाच येते.

हे मला आक्कानं शिकवलं, माझ्या थोरल्या बहिणीनं. आणि तिच्याच हातची एक लेस ओळखायची वेळ आली तेव्हा मी ती ओळखली नाही. कशी ओळखली नाही, ते सांगायला बसले आहे.

आम्ही जालन्यात राहायचो, कुंडलिकेच्या अलीकडे. राज्य निजामाचं. वडील तहसिलीत अहलकार, म्हणजे कारकून. दिवसभर कचेरीत उर्दू लिहायचं आणि घरी येऊन संध्या करायची. आक्काचं लग्न बाराव्या वर्षी झालं आणि सोळाव्या वर्षी तिचा नवरा विषमज्वरानं गेला. सासरच्यांनी पंधरा दिवसांत तिला टांग्यात बसवून परत पाठवलं. वडिलांनी तिचे केस काढू दिले नाहीत, आणि एवढ्या एका गोष्टीवर ते मरेपर्यंत सुधारक म्हणून मिरवले. बाकी सगळं होतंच. नेसायला लाल आलवण होतं, एक वेळचं जेवण होतं, घरभराची उष्टी काढणं होतं. रात्री स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी घोंगडं टाकून ती झोपायची, आणि पाणी प्यायला उठलेलं प्रत्येक माणूस तिला ओलांडून जायचं. मीसुद्धा.

छावणीच्या बाजूला एका बंगल्यात एक मडम राहायची. तिच्या व्हरांड्यात आठवड्यातून तीन दुपारी लेसचा वर्ग चालायचा. तहसीलदार साहेबांच्या बेगमला लेसचा भारी शौक. साहेब एकदा कचेरीत सहज म्हणाले, अहलकारांच्या घरच्या बायका हा हुनर शिकतील तर बरं. साहेबाला नाही म्हणण्याची वडिलांची छाती नव्हती आणि घरच्या सवाष्णीला मडमेच्या व्हरांड्यात बसवणंही जमण्यासारखं नव्हतं. मग त्यांना आक्काची आठवण झाली. तिचं बाटायचं उरलंच काय होतं! सोबतीला म्हणून दहा वर्षांची मी.

परत आलो की अंगणातच दोघींनी डोक्यावरून पाणी घ्यायचं. मडमेनं हात लावलेल्या दोऱ्याच्या रिळावरही आई पाणी शिंपडायची, मग ते घरात. गावभर सरकी काढलेला कापूस उडायचा, नाकातोंडात जायचा, पण लेसचा दोरा यायचा विलायतेहून आणि तो असा कोवळा की भिजला की आक्रसायचा. त्यामुळे आक्काच्या पहिल्या दोन लेसी वाळल्यावर चुण्या पडून गोळा झाल्या. मडम कोड्यात पडली, एवढ्या मुलींत हिचाच दोरा का आखडतो? सोवळ्याचं तिला कोण सांगणार? शेवटी आक्कानं रीळ मेणकापडात बांधून आणायला सुरुवात केली. आईनं वरून पाणी शिंपडलं, दोरा आत कोरडा राहिला आणि सगळ्यांचं समाधान झालं.

ही लेस क्रोशाची नव्हे. घट्ट ठासलेल्या उशीवर भोकं पाडलेला जाड कागद लावायचा, प्रत्येक भोकात टाचणी खोचायची आणि लाकडाच्या बारीक कांड्यांवर गुंडाळलेला दोरा त्या टाचण्यांभोवती खेळवायचा. मडमेच्या कांड्या विलायती, टोकाला काचेचे मणी. त्या घरी न्यायला ती देत नसे. आक्कानं घरी तुराटीच्या काड्या सोलून, घासून गुळगुळीत केल्या आणि वजन यावं म्हणून प्रत्येकीच्या टोकाला भोक पाडलेला चिंचोका बांधला. उशीत गव्हाचा कोंडा भरला. पावसाळ्यात टाचण्या गंजून दोऱ्याला डाग पडायला लागले तेव्हा तिनं मला बाभळीचे काटे आणायला पिटाळलं. पांढरे, लांब, ना गंज ना डाग. मडमेनं ते काटे उन्हात धरून बघितले आणि दुसऱ्या दिवशी वर्गातल्या सगळ्या टाचण्या काढून टाकल्या. त्या दिवशी आक्का घरी येईपर्यंत हसत होती. अंगणात डोक्यावर थंड पाणी ओतून घेतानाही तिचं हसू थांबत नव्हतं.

हालचाली दोनच. शेजारच्या कांड्यांची अदलाबदल, नाहीतर पीळ. दुपारी सगळे पडले की पडवीतून चिंचोक्यांचा बारीक आवाज सुरू व्हायचा. शेजारी बसून काटे हातात देणं हे माझं काम. मला स्वतःला ते कधी नीट जमलं नाही. मी सोळा कांड्यांच्या वर गेले की गुंता करायची. आक्का साठ कांड्या चालवायची आणि तोंडानं माझ्याशी गप्पा मारायची.

आता त्या डोळ्याचं सांगते. आमच्याकडे गोधडी शिवली की आई एका कोपऱ्यात मुद्दाम एक ठिगळ तिरकं लावायची. बाळाच्या गालाला लावतात तशी ती गोधडीची तीट. बिनखोटीच्या वस्तूला नजर लागते, असं ती म्हणायची. आक्काच्या लेसीत मोगऱ्याएवढी फुलं असायची आणि प्रत्येक फुलाच्या मध्ये एक गोल भोक, त्याला ती डोळा म्हणायची. प्रत्येक लेसीत कुठंतरी एका फुलाचा डोळा ती बंद करून टाकायची. मडम सुरुवातीला चिडली. तिची मराठी कुणा शास्त्रीबुवांकडून शिकलेली, पोथीतली. "हा दोष तू पुनःपुन्हा का करतेस?" असं ती विचारायची आणि आक्का मान खाली घालून पुढच्या लेसीत पुन्हा तेच करायची. हळूहळू मडमेला त्या डोळ्याची सवय झाली. वर्गातल्या लेसी एकत्र पडलेल्या असल्या की ती बोटं फिरवत जायची, बंद डोळा सापडला की थांबायची आणि म्हणायची, "हे तुझे."

असं चार वर्षं चाललं. आक्का वीस वर्षांची झाली, मी चौदाची. तेव्हा मडमेनं वडिलांना चिठ्ठी पाठवली. सिकंदराबादेला बायकांच्या एका शाळेत लेस शिकवायला बाई हवी होती. राहायची सोय शाळेतच. त्यासाठी दोन वार लेस नमुन्याला करून द्यायची, मुंबईहून परीक्षक बाई येऊन ती तपासणार, पसंत पडली की नेमणूक. तहसीलदार साहेबांनी वर शिफारस जोडली. वडील म्हणाले, "पास झाली तं बघू." वडील असं बोलले की समजायचं, ती पास होणार नाही अशी त्यांची खात्री आहे.

आक्कानं मला मागच्या अंगणात नेलं. राख लागलेले हात तसेच ठेवून ती माझ्याशी बोलली. "बारके, तिथं मला खोली मिळन म्हणं. माझी एकटीची. दाराला आतून कडी."

"कडी कशाला?" मी विचारलं.

"लावायला," ती म्हणाली.

मडमेनं एकच बजावलं होतं. नमुन्यात दोष नको. परीक्षक बाई भिंग घेऊन फूल न् फूल मोजते, एक डोळा बंद सापडला तर सगळं फुकट. आक्काला ते पटेना. दोन दिवस ती कांड्या हातात घेऊन नुसती बसली. बिनतिटीचं काही करायचं म्हणजे तिच्या जिवावर आलं होतं. पण कडी हवी होती, म्हणून तिनं कामाला हात घातला.

त्याच महिन्यात मला बघायला घनसावंगीची मंडळी आली. घरची जमीन, गोठाभर गुरं, मुलगा मॅट्रिकपर्यंत शिकलेला. मुलगा मला आवडला. यात लाजण्यासारखं काही नव्हतं, पण पुढचं सगळं त्यातूनच निघालं म्हणून सांगते. पोहे झाले, पाहणं झालं. जाता जाता मुलाच्या आत्याला पडवीतली उशी दिसली.

"हे काय खूळ म्हणायचं?" तिनं आईला विचारलं.

"थोरलीचं हाये. जीव रमतो तिचा," आई म्हणाली.

"मडमीकडं जाती म्हणं. अन् उद्या मडमीच्या लोकांत ऱ्हायलाच गेली तं? मंग ही सोयरीक टिकन का? मी आत्ताच सांगून ठेवते, बिलकुल न्हाई टिकायची."

मी दाराआड होते. सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून आक्काचं बंगल्यावर जाणं बंद झालं. साहेबांची शिफारस असल्यामुळे नमुना बंद करा म्हणायची मात्र वडिलांची हिंमत नव्हती. तो तिनं घरी बसून करावा असं ठरलं.

चार महिने लागले. एका दुपारी जेमतेम बोटभर लेस व्हायची. आक्का शिकेकाईनं हात धुवून, पदरानं कोरडे करून बसायची. मी काटे द्यायची. पहिल्या फुलापासून शेवटच्या फुलापर्यंत मी तिथं होते, हे नीट लक्षात ठेवा. किती वेळा तिनं तळहाताएवढा तुकडा उसवून पुन्हा केला, तेही मी पाहिलं. शेवटचा काटा काढला तेव्हा दोन वारांत एक डोळा बंद नव्हता, एक पीळ कमीजास्त नव्हता.

चार महिन्यांची धूळ बसली होती म्हणून ती धुवायची ठरली. जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यावर तिनं ती लेस लांब टाक्यांनी टाचली, म्हणजे भिजल्यावर ताण कापडावर येतो, दोऱ्यावर नाही. रिठ्याच्या कोमट पाण्यात नुसती बुडवली. चोळली नाही, पिळली नाही. स्वच्छ पाण्यातून तीनदा काढली, शेवटी साबुदाण्याचं अगदी पातळ पाणी दाखवलं आणि ओली असतानाच उशीवर ताणून एकेका टोकाला काटा लावला. उन्हात नाही, सावलीत वाळवली. मग निळ्या कागदात, बाटलीवर गुंडाळून. आजही मी हीच रीत सांगते. बायका घरी जाऊन लेस बादलीत सोड्यात टाकतात आणि मग माझ्याकडे रडत येतात.

परीक्षेच्या नियमात होतं की नमुना वर्गात, मडमेच्या डोळ्यांदेखत झाला पाहिजे. हा घरी झालेला. म्हणून परीक्षक बाईनं अट घातली, तो हिनंच केला हे घरातल्या कुणीतरी येऊन सांगावं. वडिलांना कचेरी होती. आई बंगल्याची पायरी चढणार नव्हती. उरले मी. त्या सकाळी आई माझी वेणी घालत होती. "पंधरा दिवसांवर साखरपुडा आलाय, ध्यानात ठेव," एवढंच ती म्हणाली. तिनं मला खोटं बोलायला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आज तिच्यावर ढकलता आलं असतं.

आक्का अंगणापर्यंत आली. पुडकं माझ्या हातात देऊन म्हणाली, "इचारतील ते खरं सांग. बास. अन् जल्दी ये."

व्हरांड्यात परीक्षक बाई बसली होती. पांढरे केस, गळ्यात साखळीला भिंग. तिनं लेस काळ्या कापडावर पसरली आणि भिंगातून फूल न् फूल मोजत गेली. मग तिनं मडमेला इंग्रजीत काहीतरी म्हटलं आणि मडमेचा चेहरा उजळला. तिथंच माझ्या लक्षात आलं की आक्का पास झाली. ती जाणार. आणि घनसावंगीचं स्थळ मोडणार. मग माझ्याकडे कोण बघणार? विधवेची बहीण, तीही मडमेच्या लोकांत गेलेलीची. उंबऱ्याजवळचं ते घोंगडं मला स्वतःचं दिसायला लागलं.

मडमेनं विचारलं, "हे तुझ्या भगिनीने स्वतः केले काय? तू पाहिलेस काय?"

"न्हाई," मी म्हटलं.

तिला वाटलं मला प्रश्न कळला नाही. तिनं सोपं करून पुन्हा विचारलं.

"मी न्हाई बघितलं. ती उशी तं कवाच माळ्यावर टाकली. ही कुठून आणली मला काय माहीत?"

इतकं सगळं बोलायची काही गरज नव्हती. नुसतं नाही म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण खोटं बोलायला लागलं की माणूस उगाच मन लावून बोलतो.

मडमेनं लेस उचलली आणि बोटं फिरवायला सुरुवात केली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, प्रत्येक फुलावर थांबत. परीक्षक बाई काहीतरी बोलत होती, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. शेवटपर्यंत पोचली आणि पुन्हा पहिल्यापासून निघाली. ती काय शोधत होती ते मला चांगलं कळत होतं. बंद डोळा सापडला असता तर माझ्या शब्दाला कुणी विचारलं नसतं. पण तो तिनंच काढायला लावला होता. शेवटी तिनं लेस पुन्हा बाटलीवर गुंडाळली, माझ्या हातात दिली आणि आत निघून गेली.

घरी आले तर आक्का अंगणातच उभी. मी म्हटलं, "नापास केली."

"काहून?"

"चूक निघाली म्हणं."

"चूक? कुठं?"

"मला काय माहीत. भिंगातून दिसली त्यांला."

तिनं पुडकं सोडलं आणि तिथंच, उन्हात, लेस मांडीवर घेऊन बघायला लागली. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, पुढचे कित्येक दिवस. दुपारी चिंचोक्यांचा आवाज बंद झाला. पडवीत बसून ती सुईच्या टोकानं एकेक दोरा धरून त्याच्यामागे जायची. माझ्या साखरपुड्याच्या दिवशी घरात माणसं मावत नव्हती, तेव्हाही ती मागच्या दाराशी तेच करत होती. मध्येच मला हाक मारायची, "बारके, तुझे डोळे चांगले हायेत, जरा बघ बरं हे सातवं फूल." आणि मी बघायची. शेजारी बसून, वाकून, नसलेली चूक तिच्यासोबत शोधायची. माझ्यासारखी नीच मीच.

लग्न होऊन मी घनसावंगीला गेले. वर्षभरानं एकदा सासूबाईंना भीत भीत विचारलं, आक्का तेव्हा नोकरीला गेली असती तर काय झालं असतं? त्या ज्वारी निवडत होत्या. "जाऊ द्यायची होती की. आमाला काय करायचं? पोरगी नाकीडोळी नीट होती, आमचं काम झालतं." मी आत्यासासूबाईंचं बोलणं सांगितलं. त्या हसायला लागल्या. "तिचं काय घिऊन बसली? तिला ह्या घरात कोण इचारतंय?" मी सुपातले खडे वेचत राहिले. त्यांच्यावर रागवायचं तर कशासाठी? त्या खरंच बोलत होत्या.

पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले. मुलगी झाली. बाराव्या दिवसाची कुंची शिवायचं काम आक्काकडे होतं. मी बाजेवर पडून बघत होते. तिनं हिरव्या खणाची कुंची बेतली, मग उठून आतून निळं पुडकं आणलं आणि कात्री घेतली.

"आक्का, ती नको," मी म्हटलं.

"काहून नको? चुकीची तं हाये."

तिनं ती कापली. चेहऱ्याभोवती येईल एवढा तुकडा मोजून घेतला आणि मान खाली घालूनच टाके घालत म्हणाली, "तू सासरी गेल्यावर मडमबाई आल्ती. अंगणातच उभी ऱ्हायली. तू काय सांगितलं ते बोलली बराबर. मला म्हणली, कुणाकडून आणली होती?"

मी बाळाकडे वळून त्याचं दुपटं सारखं करायला लागले.

"मी आपली येड्यासारखी लेसमधी चूक शोधून राह्यलते," आक्का म्हणाली.

मी रडायला लागले. तिनं मला गप्प केलं नाही. शिवण संपवलं, दोरा दातानं तोडला. मग सुईत काळा दोरा ओवून कपाळावर येणाऱ्या फुलाचा डोळा तिनं चार टाक्यांत बंद करून टाकला. कुंची बाळाला घातली, बाळ उचलून माझ्या कुशीत ठेवलं आणि शेक द्यायला निखारे आणायला गेली. सव्वा महिना तिनं माझं सगळं केलं. न्हाऊ घातलं, डिंकाचे लाडू वळले, बाळाची दुपटी धुतली. एक वाकडा शब्द बोलली नाही. तिनं मला दोन थोबाडीत मारल्या असत्या तर मी तिचे पाय धरले असते. तिनं ती सोयच ठेवली नाही.

पुढे निजामाचं राज्य जायच्या वेळी गडबड झाली त्या साली माहेरची मंडळी जाफराबादवरून वऱ्हाडात गेली. तिकडेच पावसाळ्यात हिवतापानं आक्का गेली. सहा जणांना एक खोली होती. ती कुठं झोपायची हे मी कुणाला विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. सिकंदराबादेच्या त्या शाळेतली खोली कुणाला मिळाली, तेही मला कळलं नाही.

कुंची माझ्याकडे आहे. दर वर्षी दसऱ्याच्या आधी मी लेस उसवते, धोतराच्या तुकड्यावर टाचते, रिठ्यात बुडवते, सावलीत काट्यांवर वाळवते आणि पुन्हा शिवते. काळ्या दोऱ्याचे चार टाके फिके पडलेत. ते मी बदललेले नाहीत.

माझ्याकडे येणाऱ्या बायकांपैकी एखादीची नजर कधी त्या कुंचीवर जाते. ती विचारते, "आजी, ही तरी हातची आहे ना?" मी सांगते, "हातची आहे. माझ्या बहिणीनं केली. पहिल्या फुलापासून शेवटच्या फुलापर्यंत मी शेजारी बसून बघितली." बाई म्हणते, "छान आहे हो," आणि पिशवीतून आपली लेस काढते.